नाना, काळा आता काळा दिसतो

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आभार-बिभार रवांदे, चाय टाक" म्हणून विषय बंद करता. म्हणून आमच्या प्रोजेक्टरचं चित्र सुधारून दिल्याचे आभार मानणारं हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुमचा मुंबईचा मुलगा तुम्हाला ते वाचून दाखवेलच, आणि तेव्हा मला थांबवायला तुम्ही समोर नसाल.

धाकट्या दिरांनी नवा प्रोजेक्टर घेतला आणि जुना आमच्याकडे धाडला. माडीवर पडदा लागला, सगळे हौसेने बसले, आणि रात्रीचा प्रसंग आला की पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. माणसं पोपटी. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, दिवा बदला, नाहीतर सरळ नवीन मशीन घ्या. दोन्हींचे आकडे ऐकून सासऱ्यांनी रिमोट खाली ठेवला.

तुम्ही आलात ते हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. आधी मशीन चालूच केलं नाहीत. दिवे घालवून अंधारात नुसते बसलात. आम्हाला वाटलं, दम लागला असेल. डोळे सरावल्यावर तुम्ही वर बोट दाखवलंत: कौलारात उजेडासाठी बसवलेली काचेची कौलं! खळ्यातल्या बल्बचा उजेड त्यातून आत झिरपून थेट पडद्याच्या वरच्या अर्ध्यावर पडत होता. "बाय, मशीनचो दोष नाय, खोलीचो आसा." प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. जिथे तो प्रकाश टाकत नाही तिथे पडदा जेवढा काळा दिसेल तेवढाच त्याचा काळा. खोलीतला इवलासा उजेडही त्यात मिसळतो, मग सेटिंगमध्ये कितीही खुडबुड करा.

पिस्ता रंगाच्या भिंतींचंही तेच. पडद्यावरचा प्रकाश भिंतीवर जातो आणि तिचा रंग घेऊन परत पडद्यावर येतो. सासऱ्यांनी हौसेने दिलेला रंग, तो खरवडा म्हणायची छाती कोणाची? तुम्ही कणकवलीच्या बाजारातून चकाकी नसलेलं काळं अस्तराचं कापड आणायला लावलंत आणि पडद्यालगतच्या दोन्ही भिंतींवर दांडीला सोडलंत. कौलांना आतून काळा पुठ्ठा. मशीनला हात लावण्याआधीच चित्र निम्मं सुधारलं होतं.

मग पाणसळ मागितलीत. सुताराकडून आणून दिली तेव्हा सगळे हसत होते. मशीन स्टुलावर ठेवून तोंड वर केलेलं आणि वाकडं चित्र मेनूतलं 'कीस्टोन' वापरून चौकोनी केलेलं, असं ते लागलेलं होतं. तुम्ही कीस्टोन शून्यावर आणलात आणि मशीन फळीवर उंच, पडद्याशी काटकोनात बसवलंत. आत १९२० गुणिले १०८० ठिपके आहेत. कीस्टोन लावलं की त्यातले काही वाया जातात आणि उरलेल्यांत चित्र कोंबलं जातं. त्या रात्री नामावलीतली अक्षरं पहिल्यांदा धारदार दिसली.

दिवा अर्धा तास तापू दिलात. चहा झाला, कोकणी माणसाचं ठरलेलं पावसावरचं बोलणंही झालं, आणि मग खरं काम निघालं. ज्यांच्या घरी धूळ खात पडलेला प्रोजेक्टर आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते.

मेनूत 'ब्राइटनेस' लिहिलेलं असतं ते बटण उजेडाचं नाही, काळ्याचं आहे. 'कॉन्ट्रास्ट' हे पांढऱ्याचं. उजेडाच्या ० ते २५५ या मापावर व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. आमचा सेट-टॉप बॉक्स त्याच हिशोबाने चित्र पाठवत होता आणि प्रोजेक्टर मात्र पूर्ण ० ते २५५ ची वाट बघत बसला होता. म्हणजे बॉक्सचा काळा याच्या लेखी राखाडी. मेनूत एचडीएमआयची, म्हणजे बॉक्सच्या तारेतून येणाऱ्या चित्राची, रेंज बदलली आणि अर्धं धुकं तिथेच विरलं. मग तुम्ही एव्हीएस एचडी ७०९ या फुकट मिळणाऱ्या संचातल्या काळ्या पट्ट्या लावल्यात आणि ब्राइटनेस एकेक घर खाली आणलात. सोळाची पट्टी दिसेनाशी झाली, सतराची जेमतेम जाणवत राहिली, तिथे थांबलात. पांढऱ्याच्या टोकालाही तसंच.

नंतर तो डबा उघडलात. आत औषधाच्या बाटल्यांतून आणि चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्यांच्या मधोमध तलम कापडात गुंडाळलेला कलरीमीटर, म्हणजे रंग मोजायचा मीटर. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या आतली रंगांची गाळणी (फिल्टर) खराब होतात म्हणून ही बडदास्त. मला मुलांच्या बाळुत्यांची आठवण झाली. कॅमेऱ्याच्या स्टँडवर तो पडद्याकडे तोंड करून बसवलात, लॅपटॉपवर एचसीएफआर हे मोफत सॉफ्टवेअर लावलंत, आणि आमचं 'डायनॅमिक', म्हणजे तोवर लावलेला चित्राचा मोड, आलेखावर उघडं पडलं. हिरवी रेघ लाल आणि निळ्या दोघींच्या डोक्यावर बसलेली. पाऱ्याच्या दिव्यात हिरवा मुळातच जोरकस, आणि डायनॅमिकमध्ये तो मोकाट सोडतात. डोळ्याला हिरवाच सगळ्यांत जास्त उजळ वाटतो, त्यामुळे चित्र झगझगीत दिसतं.

तुम्ही 'सिनेमा' मोड लावलात. पांढरा कुठला पांढरा, हे त्या दिवशी कळलं: ६५०० केल्विनच्या आसपासचा, दिवसाच्या उजेडाचा पांढरा. एचडीसाठी १९९० साली मान्य झालेल्या बीटी ७०९ या मानकात तोच धरलेला आहे. उजळ करड्या पट्टीवर 'गेन' आणि गडद पट्टीवर 'बायस' ही रंग कमीजास्त करायची बटणं फिरवताना तुम्ही मुंबईच्या लॅबमधले दिवस सांगत होतात. फिल्मची प्रिंट काढताना लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही दिव्यांचे पन्नासपर्यंत पॉइंट असायचे आणि प्रत्येक शॉटला ते ठरवणं हेच तुमचं काम. म्हणूनच मेनूतल्या आकड्यांनाही तुम्ही पॉइंटच म्हणत होतात. मी निळा वाढवायला गेले तर मनगट धरलंत. "वाढवू नको. जा जास्त झाला ता कमी कर." वाढवलेला रंग वरच्या टोकाला तुंबतो आणि पांढऱ्यातले बारकावे खातो. हिरवा उतरवला आणि निळा आपोआप जागेवर आला.

शार्पनेसची गंमत तर मी सगळ्यांना सांगते. संध्याकाळच्या आभाळावर माडाची झावळ होती आणि तिच्या प्रत्येक पात्याला बारीक पांढरी किनार. आम्ही तिला स्पष्टपणा समजून खूश होतो! तुम्ही शार्पनेस उतरवत गेलात, किनार गेली आणि पात्यांतल्या शिरा दिसायला लागल्या.

शेवटची परीक्षा मात्र मीटरवर सोडली नाहीत. गावच्या जत्रेतल्या दशावताराचं शूटिंग लावायला सांगितलंत. मी राजाच्या चेहऱ्याकडे बघून "छान दिसतोय" म्हटलं, तर तुम्ही मान हलवलीत. रंग फासलेला चेहरा काय सांगणार? पुढच्या रांगेत बसलेल्या बायकामाणसांचे चेहरे बघ, त्या तुझ्या रोजच्या ओळखीच्या. बघितलं. आमच्या शेजारणीचा सावळा रंग हुबेहूब सावळा होता. आधी ती कावीळ झाल्यासारखी दिसायची.

घरात पहिले दोन दिवस कुरकुर झाली हेही लिहायला हवं. सासरे म्हणाले, अंधारं झालं, फिकं झालं. तुम्ही जाताना बजावलं होतंत, "चार दिवस हात लावू नको, मगे माका सांग." डोळा आधीच्या झगझगीत चित्राला सरावलेला असतो, त्याला वेळ लागतो. चार दिवसांनी मी मुद्दाम जुना मोड लावला, तर सासरेच ओरडले.

सगळे आकडे तुम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिलेत. त्या पानाचा फोटो पुष्कळ जण मागतात. मी देत नाही. एकाच मॉडेलचे दोन प्रोजेक्टर असले तरी दिवा वेगळा झिजलेला, पडदा वेगळा, खोली वेगळी. माझे आकडे दुसऱ्याच्या घरी चित्र बिघडवतील. पट्ट्या लावून ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस ज्याचे त्याने बघावेत, त्याला मीटर लागत नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घेतला आहे. परवा वादळात लाइट गेली, पण पंखा फिरत राहिला आणि दिवा हळूहळू निवला. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून पडदा आठवड्यातून एकदा उलगडून ठेवते. मशीनची जाळीही पुसते.

एक गोष्ट दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. दिवसा मॅच असली की सासरे खिडक्या सताड उघडतात आणि डायनॅमिक लावतात. एवढ्या उजेडात सिनेमा मोड दिसतही नाही, त्यामुळे मी काही बोलत नाही. तुमचे आकडे 'युजर १' मध्ये जपून ठेवलेत, संध्याकाळी परत तेच लावते. दिव्याचे तास आता बरेच झालेत आणि गोरा रंग किंचित तांबूस वाटतो आहे. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रांना गावी याल तेव्हा डबा घेऊन या. पुड्या मी जमवून ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
माडीवाल्यांची सून