उपवासकाळ म्हणजे चाळीस दिवसांची उपासमार नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राखेचा बुधवार (अ‍ॅश वेन्सडे), म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला की मराठी वृत्तपत्रांत एक ठरलेली बातमी येते : 'ख्रिस्ती बांधवांचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू'. सोबत कपाळावर राखेचा क्रूस घेणाऱ्या भाविकांचे छायाचित्र असते. बातमीमागची आपुलकी कळते. पण ती वाचून कोणालाही वाटेल की वसईचे किंवा गोव्याचे कॅथलिक दीड महिना जवळजवळ उपाशी राहतात. खरे म्हणजे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेल्या आमच्याच अनेक मंडळींनाही नेमका नियम सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. त्यातले ६ रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. उरले ४०. (उपासनेच्या आजच्या पंचांगात हा काळ आज्ञा गुरुवारच्या (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या) संध्याकाळच्या मिस्सापूर्वीच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपूर्वीच, संपतो, पण लोकांच्या तोंडी चाळीसच बसले आहेत.) या सगळ्या दिवसांत उपवास बंधनकारक आहे तो फक्त दोन दिवशी, राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे). तोही निर्जळी नाही. एक वेळ पोटभर जेवण, सकाळी आणि संध्याकाळी थोडेसे खाणे, अशी सवलत पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली दिली. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, म्हणजे ५९ पूर्ण होईपर्यंत, हे बंधन असते. मांस वर्ज्य करण्याचा नियम शुक्रवारांना लागू होतो, तो १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना, आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. त्यात फेरबदल करण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, अंगमेहनतीचे काम करणारा मजूर यांना सूट मिळते.

मासळी मांसात धरत नाहीत. त्यामुळे शुक्रवारी मटणाऐवजी भरलेले पापलेट आणून नियम पाळल्याचे समाधान मिळवता येते. अक्षर सांभाळले जाते, बाकी सगळे हरवते.

नियम इतका छोटा का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. राख लावताना धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक मातीला मिळण्याचे, दुसरे पश्चात्ताप करून सुवार्तेवर विश्वास ठेवण्याचे. या दुसऱ्या वाक्यात सगळे सार आले. मुळाशी विश्वास, त्यातून वागण्यातला बदल. देवाची कृपा उपवासाने विकत मिळत नाही. ती आधीच दिलेली आहे, असे प्रेषित पौल बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात लिहितो, आणि लगेच पुढच्या ओळीत सत्कृत्यांचे नाव घेतो. बायबलमधला दुसरा पत्रलेखक याकोब तर कृतीवाचूनच्या विश्वासाला सरळ निर्जीव म्हणतो. तेव्हा उपवास हे मोल नव्हे. आपल्या इच्छेवर दुसऱ्या कोणाची सत्ता चालते की नाही, याची ती तपासणी आहे. छोटा नियम निमूटपणे पाळणे इथेच अवघड जाते, कारण त्यात मिरवण्याजोगे काही नसते.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत. एकोणपन्नासावे उपवासकाळावर आहे. प्रत्येकाने खाणे, पिणे, झोप, बडबड, थट्टामस्करी यांतले काही कमी करून आनंदाने देवाला द्यावे, असे तिथे म्हटले आहे. पण पुढची अट जास्त बोलकी आहे : जे काही करायचे ते आधी मठाधिपतीला सांगून, त्याच्या संमतीने. परवानगीवाचून केलेले कठोर तप बेनेडिक्टांच्या हिशेबात पुण्य नाही, ती घमेंड आहे. दीड हजार वर्षांपूर्वी या माणसाने मनाचा लपंडाव बरोबर ओळखला होता.

आजचे संकल्प नेमके तिथेच फसतात. राखेच्या बुधवारी माणूस मांस, दारू, गोड, चहा, मोबाइल असे पाच-सहा त्याग एकदम जाहीर करतो. कोणाला विचारलेले नसते आणि घरच्यांच्या सोयीचा विचार नसतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले दोन उरतात, चिडचिड मात्र घरभर पसरते. त्यापेक्षा एकच गोष्ट सोडावी, एकच नवी धरावी आणि दोन्ही आपल्या धर्मगुरूला किंवा एखाद्या जाणत्या माणसाला सांगून ठेवाव्यात. वाचलेल्या पैशाचा हिशेब ठेवावा. या काळात शुभ शुक्रवार धरून ७ शुक्रवार येतात. एका शुक्रवारी मटणाचे ५०० रुपये वाचले तर ३,५०० रुपये होतात. ते वेगळ्या पाकिटात जायला हवेत, ईस्टरच्या खरेदीत नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास एकापाठोपाठ येतात. दान वगळले तर उरते ते पथ्य.

दारूबद्दल स्पष्ट लिहायला हवे. चाळीस दिवस न पिता राहिलो, म्हणजे मला व्यसन नाही, असा दाखला अनेकजण स्वतःला देतात आणि ईस्टरच्या दुपारी बाटली उघडतात. तो दाखला खोटा आहे. उलट रोज भरपूर पिणाऱ्याने बुधवारी अचानक दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत हात कापणे, भास होणे, फिट येणे असे जीवघेणे त्रास होऊ शकतात. त्याने आधी डॉक्टर गाठावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही भावनेच्या भरात जेवण टाळू नये. चर्चने दिलेली सूट घेणे हेही आज्ञापालनच आहे.

या काळाचा खरा कस प्रायश्चित्त संस्कारात लागतो. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. मनाची झडती, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपुढे पापनिवेदन आणि त्यांनी सांगितलेले प्रायश्चित्त पार पाडणे, असे त्याचे टप्पे आहेत. गंभीर पाप कोणते आणि किती वेळा, हे सांगायचे असते. 'फादर, मला राग येतो' एवढ्याने भागत नाही. बायकोच्या किंवा शेजाऱ्याच्या पापांची यादी वाचणे हाही एक नेहमीचा प्रकार. पण सर्वांत मोठी गळती पापमुक्ती मिळाल्यानंतर होते. क्षमा मिळाली, आता विषय संपला, असे मानले जाते. चर्चची शिकवण तशी नाही. चोरलेले परत करायचे, बदनाम केलेल्याचे नाव पुन्हा उजळायचे, इजेची भरपाई करायची. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात मूळ ऐवज आणि वर पाचवा हिस्सा असे माप आहे, म्हणजे ५० हजार दाबले तर ६० हजार परत. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केले आणि अर्धी मालमत्ता गरिबांना. आपल्याकडे हे माप वाडीच्या सरकवलेल्या हद्दीला, बहिणीच्या लपवलेल्या हिश्श्याला, मजुराच्या अडवलेल्या पगाराला लावून पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ज्या गटात खोटे टाकले त्याच गटात दुरुस्ती टाकावी. खासगीत माफी मागून ते भरून निघत नाही. क्रुसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणाऱ्या प्रार्थनेची) १४ स्थाने दर शुक्रवारी करणारा माणूस भावाशी वर्षानुवर्षे कोर्टात भांडत असेल, तर वेदीवरचे अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूचे वाक्य त्याच्यासाठीच आहे.

आज्ञापालन म्हणजे कोणाही माणसापुढे मान तुकवणे असाही अर्थ कोणी काढतात. प्रार्थनेच्या नावाखाली औषधे बंद करायला लावणारे, कुटुंब तोडायला सांगणारे, पैशाच्या बदल्यात आशीर्वाद देणारे स्वयंघोषित उपदेशक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे येशूच्या प्रेषितांनीच यहुद्यांच्या न्यायसभेला सुनावले होते. धर्मगुरूचाही अधिकार चर्चच्या नियमांनी बांधलेला आहे. पापनिवेदनात ऐकलेले ते कोणालाही, अगदी न्यायालयालाही, सांगू शकत नाहीत.

अहिल्यानगर भागातल्या अनेक मराठी मंडळ्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या आहेत. तिथे उपवासाची सक्ती नाही. १५२२ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये उपवासकाळात सॉसेज खाल्ल्यावरून वाद पेटला तेव्हा धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी अन्नाच्या सक्तीविरुद्ध उपदेश केला, तिथपासूनची ही भूमिका. 'सर्व ख्रिस्ती' असे सरसकट लिहिताना हा फरक लक्षात ठेवावा.

पुढच्या राखेच्या बुधवारी बातमीशेजारी छोटी चौकट द्यावी, ही विनंती. उपवासाचे दोन दिवस, वयाची अट, आजाऱ्यांना असलेली सूट आणि मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख होते, एवढी माहिती त्यात आली तरी पुरे.

आपले,
धर्मशिक्षण वर्गाचे काही शिक्षक, वसई