पीएचडीच्या परिषदेत प्रश्नांना वेळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेची एक द्विशिक्षकी शाळा आहे. तिथं मी शिकवते. पहिली ते चौथी मिळून २७ मुलं. नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी करते आहे, यंदा चौथं वर्ष. मध्यंतरी पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिक्षणशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची परिषद झाली. तिथून परतल्यापासून हे पत्र मनात घोळतं आहे.

माझा विषय होळीनंतरच्या गैरहजेरीचा. त्या दिवसांत आमच्याकडे बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या झाडाच्या कोवळ्या फळांचा हंगाम असतो. घरातली सगळी माणसं पहाटेच रानात जातात, हिरडा गोळा करून खडकावर, अंगणात वाळवतात आणि विकतात. पुष्कळ घरांत वर्षातला मोठा रोख पैसा तोच. वार्षिक परीक्षेची तयारीही नेमकी तेव्हाच चालू असते. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. त्यातले माझ्या मुलांच्या पदरात किती पडतात, हे पाहायला मी तीन वर्षांचे हजेरीपट काढले. मग १४ मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलले.

इथंच मी अडकले. ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती माझीच मुलं. पालकांनी संमतीपत्रावर सही केली, कुणी अंगठा दिला. कागद नियमाप्रमाणे पूर्ण आहेत. पण बाईंनी विचारल्यावर तिसरीतलं पोर ‘मला नाही बोलायचं’ असं म्हणू शकेल का? आणि शाळा बुडवून रानात गेलो होतो, हे ते बाईंनाच मोकळेपणानं सांगेल का? मग माझ्या वहीतल्या उत्तरांवर मी किती भरवसा ठेवायचा? मार्गदर्शकांशी यावर दोनदा बोलणं झालं. त्यांनीच सुचवलं की परिषदेत हा प्रश्न मांडा, इतरांनी काय केलं ते कळेल.

दोन किरकोळ रजा टाकल्या, १,८०० रुपये नोंदणी शुल्क भरलं. पहाटेची मुक्कामी एसटी धरून घोडेगाव, तिथून मंचर, मंचरहून वाकडेवाडी असा प्रवास करून वेळेत पोचले. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि बीजभाषण यांत दुपारचा एक वाजला. जेवणानंतर आमच्या खोलीत दोन तासांत २२ शोधनिबंध होते. प्रत्येकाला सात मिनिटं सांगितली होती, पण सत्र उशिरा सुरू झाल्यामुळे चारच मिळाली. माझा नंबर सतरावा. दुसऱ्या स्लाइडवर असताना सत्राध्यक्ष म्हणाले, ‘मॅडम, थेट निष्कर्षावर या.’ माझ्याकडे निष्कर्ष नव्हतेच. प्रश्न होता, आणि तो तिसऱ्या स्लाइडवर होता. घंटा वाजली. ज्यांचं वाचन आधी उरकलं होतं ते प्रमाणपत्राच्या रांगेत उभे होते. खोलीत नऊजण उरले होते.

तिथं आलेल्या विद्यार्थ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यासाठीच मला जास्त वाईट वाटलं. एकजण पुण्यातल्या रात्रशाळेत दिवसभर काम करून येणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास करतो आहे. मुलं तोंडी हिशेब बिनचूक करतात आणि तेच गणित वहीत मांडताना चुकतात, एवढं त्याचं सांगून झालं आणि वेळ संपली. ती मुलं हिशेब कसा करतात हे त्याच्याकडून ऐकायला मी तासभर बसले असते.

सोलापूर जिल्ह्यातून आलेली एक मुलगी ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करते. चहाच्या वेळी जिन्यात तिची गाठ पडली. माझा विषय तिनं नीट ऐकून घेतला आणि विचारलं, ‘ताई, तुमच्या प्रश्नावर कोण कोण गप्प बसलं, ते तुम्ही लिहून ठेवलंय का?’ मी लिहिलं नव्हतं. मुलं बोलली तेवढंच उतरवलं होतं. घरी आल्यावर सगळी ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली. १४ पैकी आठ मुलं एकाच प्रश्नावर थांबली होती. ‘त्या दिवशी शाळेत का आला नाहीस?’ या माझ्या प्रश्नावर. उत्तर नाही म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला होता. पण तो अबोलाच त्यांचा नकार होता आणि तो मला दिसला नव्हता. आता त्यावर प्रबंधात स्वतंत्र प्रकरण होतं आहे, आणि ज्या मुलांना बोलायचं नव्हतं त्यांच्या मुलाखती मी वापरणार नाही. जिन्यातल्या त्या वीस मिनिटांनी मला हे दिलं. तेवढी वीस मिनिटं सभागृहात प्रत्येकाला का मिळू नयेत, असं मला आयोजकांना मनापासून विचारायचं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणं आणि परिषदांमध्ये दोन वाचणं सक्तीचं होतं. तेव्हा प्रमाणपत्रासाठी गर्दी होणारच होती. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमांतून आयोगानं ही सक्ती काढून टाकली. आता परिषदेचा आकार बदलायला काय अडचण आहे? दोन दिवसांत शंभर निबंध घेण्याऐवजी पंधराच घ्या. निबंध महिनाभर आधी मागवा आणि दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तो पूर्ण वाचून यायला सांगा. मांडणीला पंधरा मिनिटं, चर्चेला तीस. आणि अपुरं काम घेऊन या, असं पत्रकातच छापा. काम पूर्ण झाल्यावर चुका कळून विद्यार्थ्याला काय उपयोग? तेव्हा मुलाखती होऊन गेलेल्या असतात आणि मुलंही पाचवीत दुसऱ्या शाळेत गेलेली असतात.

दुसरी मागणी मराठीची. सादरीकरण शक्यतो इंग्रजीत करावं, असं पत्रकात होतं. माझ्या मुलाखती मुलांच्या बोलीत आहेत. ‘हिरड्याला गेलो होतो’ असं मूल म्हणतं तेव्हा त्यात आजीबरोबर अंधारात निघणं, झाडावर चढणं, ओझं घेऊन उतरणं आणि आपणही घरात काही मिळवून आणलं याचा अभिमान असतो. माझ्या इंग्रजी स्लाइडवर त्याचं ‘वनोपज गोळा करणे’ अशा अर्थाचं एक कोरडं कलम झालं. प्रबंध मराठीत लिहिणारे आम्ही पुष्कळजण आहोत. आमच्यासाठी निदान एक सत्र मराठीत ठेवावं आणि त्याला सत्राध्यक्षही मराठीतलं काम वाचणारा मिळावा.

पुण्याकडून हे मागायचं नाही तर कुठून मागायचं? १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं ते याच शहरातून. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. आज त्या घरांतून आलेले शिक्षक पीएचडी करू लागले आहेत. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत सुरू केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ पासून पुण्यात आहे. याच संस्थेच्या चित्राताई नाईकांनी पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांत, दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रयोग करून पाहिला. माझी मुलं मला त्याच मुलांची नातवंडं वाटतात.

आमच्या केंद्राची, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसतो. कुणीतरी पाठ घेतं, बाकीचे मध्येच थांबवून विचारतात, कधी आवाजही चढतात. मागे माझ्या भागाकाराच्या पाठावर केंद्रप्रमुख सर आणि शेजारच्या शाळेच्या बाई अर्धा तास बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी मी तो पाठ बदलून घेतला.

पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयानं किंवा विद्यापीठाच्या विभागानं अशी छोटी परिषद घ्यायची ठरवली तर मी माझ्या मुलाखतींची टिपणं घेऊन येईन, आणि दुसऱ्या कुणाचा निबंध आधी वाचून यायलाही तयार आहे. फक्त ती शनिवार-रविवारी आणि होळीच्या आधी ठेवावी. त्यानंतर मला वर्गाबाहेर पडता येत नाही. जी चार-पाच मुलं वर्गात येतात त्यांना शिकवायचं असतं, आणि बाकीची संध्याकाळी रानातून उतरली की त्यांच्या घरी जायचं असतं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. आंबेगाव, जि. पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)