आशाताई, "शी काळी होते का?" या प्रश्नाबद्दल आभार

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

माण तालुक्यातल्या आपल्या आरोग्य केंद्राकडून हे पत्र. आभार तोंडीही मानता आले असते, पण तुमची पद्धत शेजारच्या गावांतल्या आशा स्वयंसेविका ताईंपर्यंत पोचावी म्हणून उघड लिहितोय.

गरोदर बायांना रक्तवाढीच्या, लोहाच्या लाल गोळ्या वाटणं सोपं. रजिस्टरात सही होते आणि पाकीट फडताळावर जाऊन बसतं. तुम्ही "गोळी घेतेस का?" असं विचारतच नाही, कारण त्याला उत्तर एकच: "घेते की." तुम्ही विचारता, "शी काळी होते का?" लोह रोज पोटात जात असेल तर शी बहुधा काळपट होते. "न्हाई, नेहमीसारखीच," असं उत्तर आलं की तुम्ही पाकीट मागून रिकामी भोकं मोजता. शिवाय काळ्या रंगाला घाबरून कुणी गोळी सोडू नये म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवता. बिनखर्चाची इतकी चांगली तपासणी आमच्या लॅबकडेही नाही.

एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तितकीच. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रोज दोन. हे सगळ्यांना पाठ आहे. गाडी अडते ती चहापाशी. जेवणावर लगेच चहा घेतला की तो लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही तेच करते, आणि दोन्ही गोळ्या एकदम गिळून मोकळं व्हायची सवय घरोघरी. तुम्ही कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाला बांधून दिलं आणि लोह रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. मळमळ झोपेत निघून जाते. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद करायची नाही, पाणी आणि पालेभाजी वाढवायची.

खाण्याबद्दल तुम्ही खोटी आशा दाखवत नाही, हे विशेष. बाजरीत लोह आहे, पण ते सहज अंगी लागत नाही. म्हणून भाकरीबरोबर मोड आलेली मटकी आणि वर लिंबू. गूळ-शेंगदाणे खावेत, पण तेवढ्यावर हिमोग्लोबिन 8 चं 11 होत नाही. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं, हा तर निव्वळ रंगाचा खेळ.

लॅबकडून एक वेगळा नमस्कार. हिमोग्लोबिन तपासायला बोट टोचल्यावर रक्त येत नाही म्हणून ते दाबून पिळलं की बोटातलंच आजूबाजूचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. तुम्ही बाईला हात कोमट पाण्यात धुऊन, खाली सोडून बसायला लावता, आणि पहिला थेंब पुसायची आठवण तर आमच्या माणसालाही करून देता!

महिनाभर लोहाच्या रोज दोन गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन 1 ग्रॅमने वाढलं नाही, तर तुम्ही वाट बघत बसत नाही, डॉक्टरांकडे पाठवता. मग जंत, बी-12 ची कमतरता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखा रक्ताचा आनुवंशिक आजार असं काही आहे का ते बघता येतं, गरजेप्रमाणे शिरेतून लोह देता येतं. शेवटच्या तीन महिन्यांत 7 च्या खाली असेल तर दवाखान्यात भरतीच, कारण बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी अशा बाईच्या जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात मोठी गळती माहेरची. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी गेली की आमच्या यादीतून सुटते, तिथल्या यादीत चढत नाही. तुम्ही तिच्या पिशवीत दोन महिन्यांच्या गोळ्या आणि माता-बाल कार्ड घालता, कार्डावर शेवटचं हिमोग्लोबिन तारखेसह लिहून घेता आणि माहेरच्या आशाताईंना फोन करता. त्यांचे नंबर लिहिलेली तुमची ती पिवळी वही 9 तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीला आणा. बाकीच्या ताईंना तशीच करायचीय.

तुमचे,
आरोग्य केंद्रातले डॉक्टर, सिस्टर आणि लॅबवाले