कनेक्शन ग्राहकाचं की हद्दीचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही जामसंड्याचं भाड्याचं घर सोडून मिठबांवला सासरच्या घरी राहायला आलो. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्याच होत्या. मी घरातूनच जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरण्याचं काम करते. आंबा व्यापारी, हार्डवेअरवाले, लॉजवाले अशी गिऱ्हाइकं आहेत. म्हणून सामानाचा टेम्पो ठरवण्याआधी मी इंटरनेट शिफ्टिंगचा अर्ज दिला होता. तालुका देवगडच, कंपनी तीच, दोन्ही गावांत तिची फायबर लाइन आहे. सहा महिन्यांच्या प्लॅनचे पैसे आगाऊ भरलेले होते. ऑगस्ट उजाडला तरी मिठबांवच्या घरात जोडणी नाही, आणि जामसंड्याला आता दुसरं बिऱ्हाड राहतं तिथे माझ्या नावावरच्या प्लॅनचे दिवस मात्र संपत चालले आहेत.

अडचण तारेची असती तर मी समजू शकले असते. आमच्या तिठ्यावरच्या खांबाला कंपनीची पेटी आहे, शेजारच्या घरात तिच्यातूनच नेट चालतं. खरं कारण मला लाइनवर काम करणाऱ्या मुलांकडून कळलं. गावोगावी फायबर टाकण्याचं आणि सांभाळण्याचं काम कंपनी स्थानिक भागीदारांना देते आणि ग्राहकाच्या मासिक बिलातला ठराविक वाटा त्यांना मिळतो. जामसंड्याचा भागीदार वेगळा, मिठबांवचा वेगळा. माझ्या घरातल्या इंटरनेटच्या डब्याचा (मोडेमचा) क्रमांक जामसंड्याच्या यंत्रावर नोंदवलेला आहे. तो तिथून काढून इकडच्या यंत्रावर चढवायचा आणि खांबापासून घरापर्यंत तार ओढायची, एवढंच तांत्रिक काम. पण मी हद्द ओलांडली की एकाचं गिऱ्हाईक जातं, आणि दुसऱ्याच्या वाट्याला नवीन जोडणीचे पैसे न देणारं गिऱ्हाईक येतं. जामसंड्याचे म्हणाले, "मॅडम, आयडी आमच्या हद्दीतला आहे, तिकडे जात नाही." इकडचा मुलगा मनाने चांगला, तो स्पष्टच बोलला, "वयनी, जुना बंद करा नि आमच्याकडसून नवीन घेवा. जुना हंय आणलास तरी आमका त्येचा काय गावाचा नाय." त्या मुलाला मी दोष देत नाही. उन्हातान्हात खांबावर तोच चढतो. दोष आहे तो दोन भागीदारांमधला हिशेब ग्राहकाच्या अंगावर टाकणाऱ्या कंपनीचा.

ग्राहक सेवा केंद्रात फोन केला की पत्ता पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो. पिनकोड टाकल्यावर त्यांच्या पडद्यावर "सेवा उपलब्ध" असं येतं. मग तक्रार पुढे जाते, आणि काही दिवसांनी ती सोडवल्याचा संदेश मोबाइलवर येतो. घरी कोणी आलेलं नसतं. तक्रार बंद करण्यापूर्वी ग्राहकाला एकदा विचारायला काय हरकत आहे?

कोकणात या उशिराची किंमत वेगळी मोजावी लागते. इथे घर बदलायचं ते मिरगाच्या आत. एकदा पाऊस लागला की ओल्या खांबावर माणूस चढवणं धोक्याचं असतं, आणि ते चढवूही नये. म्हणजे मे महिन्यात पंधरवडा टाळाटाळ झाली की काम गणपतीनंतरवर जातं. जून-जुलैत वारा सुटला की वीज जाते, आणि बराच वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही उतरते. आमचं घर चिऱ्याचं, आजूबाजूला माड-पोफळी. माजघरात मोबाइलला रेंज नसतेच. जीएसटीच्या मासिक ३बी विवरणपत्राची मुदत २० तारखेची असते. उशीर झाला की विलंब शुल्क आणि व्याज माझ्या गिऱ्हाइकाला बसतं. जूनमध्ये ओटीपी यावा म्हणून मी लॅपटॉप पिशवीत गुंडाळून सड्यावर गेले आहे. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आमच्या शेजारची मुलगी आपले पसंतीक्रम भरायला तिथेच छत्री धरून बसली होती. सातबारा, पीक पाहणी, वीजबिल सगळं मोबाइलवर आणल्यावर घरातली लाइन ही काही चैनीची वस्तू राहत नाही. करोनानंतर काही चाकरमानी काम घेऊन गावी राहिले आहेत. शिक्षक, बँकवाले, तलाठी यांच्या बदल्या होतच असतात. हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

गॅसचं कनेक्शन पाहा. सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केले की एजन्सी अनामत परत करते, ट्रान्सफर व्हाउचर देते, आणि तो कागद दाखवला की नव्या गावची एजन्सी जोडणी देते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी तो नंबर चालतो. तिथे तर दोन वेगळ्या कंपन्या एकमेकींकडे ग्राहक सोपवतात. इथे एकाच कंपनीला तालुक्यातल्या तालुक्यात ते जमू नये?

ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय संस्था, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. मात्र तिच्या २०१२च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ही गोष्ट फोनवर मला कोणीही आपणहून सांगितली नाही. कर कायद्याची कलमं वाचायची सवय असल्यामुळे मी ती शोधून काढली. सत्तर वर्षांच्या सासूबाईंनी ती कुठे शोधायची? अपील मी केलं आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ज्यांची कामं अशी अडली आहेत त्यांनी तक्रार क्रमांक आणि आलेले संदेश पुसून टाकू नयेत.

माझी मागणी अवघड नाही. शिफ्टिंगचा अर्ज आल्यावर नव्या पत्त्यावर जोडणी देता येते की नाही, हे कंपनीने ठराविक दिवसांत लेखी सांगावं. देता येत नसेल तर अर्जाच्या तारखेपासून आकारणी थांबवून उरलेल्या दिवसांचे पैसे आणि अनामत परत करावी. देता येत असेल तर भागीदारांमधला वाटा कसा फिरवायचा ते कंपनीने आपल्या कार्यालयात बसून ठरवावं. त्यासाठी ग्राहकाला जुनं बंद करून नवीन जोडणीचे पैसे भरायला लावू नये. ट्रायचे सेवेच्या दर्जाविषयीचे सुधारित नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत. त्यांत शिफ्टिंगची मुदतही ठळकपणे असावी, आणि आपल्या खासदारांनी ती मागणी दिल्लीत मांडावी.

गणपतीनंतर खांबांवरची कामं पुन्हा सुरू होतील. त्याआधी कंपनीने सिंधुदुर्गात पडून असलेल्या शिफ्टिंगच्या अर्जांची यादी काढावी आणि कोणाच्या घरी कधी माणूस येणार, ते प्रत्येकाला लेखी कळवावं.

आपली,
एक कर सल्लागार, मिठबांव, ता. देवगड