वाचकाला नाव-पत्ता सक्तीचा, ‘सूत्रां’ना मात्र माफ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांच्या पत्रांबाबत आपला नियम कडक आहे. पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर नसेल तर पत्र छापले जात नाही. नियम योग्यच आहे. पेठेतल्या खड्ड्यांवर चार ओळी लिहायच्या तरी माणसाला स्वतःचे नाव पुढे करावे लागते. पण त्याच अंकाच्या मनोरंजन पुरवणीत कोणाचा संसार मोडायला आला, कोणामुळे कोणाला मालिका सोडावी लागली, सेटवर कोणाचे कोणाशी खटके उडाले हे सांगणारे मात्र ‘सूत्र’ असते, नाहीतर ‘नेटकरी’. हा उलटा न्याय कशासाठी?

मी गॉसिपच्या विरोधात नाही. आमच्या घरी सकाळी पहिली ओढाताण त्याच पुरवणीसाठी होते, अग्रलेखाची पाळी नंतर येते (क्षमस्व). माझी तक्रार आहे ती निनावीपणाबद्दल.

हा धंदा पूर्वी नावानिशी चाले, आणि त्यात मराठी माणसे आघाडीवर होती. बाबूराव पटेलांनी १९३५मध्ये ‘फिल्मइंडिया’ सुरू केले. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये त्याचे जुने अंक चाळावेत, म्हणजे तिखट जीभ कशाला म्हणतात ते कळते. नट-नट्यांची ते अशी काही सालटी काढत की आज कोणी तसे लिहिले तर दुसऱ्याच दिवशी वकिलाची नोटीस येईल. पण मासिक बाबूरावांचे, मत बाबूरावांचे आणि त्यावरचा रोषही बाबूरावांच्याच वाट्याला.

पुढे ‘स्टार अँड स्टाइल’मध्ये देवयानी चौबळ आल्या. राजेश खन्नांच्या नावामागे ‘सुपरस्टार’ हे बिरुद रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. म्हणजे स्तंभलेखिका नुसत्या बातम्या देत नव्हती, नट केवढा मोठा हेही ठरवत होती. त्यांच्या लिखाणाने भडकलेले धर्मेंद्र एकदा त्यांच्या अंगावर धावून गेले होते. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण राग कोणावर काढायचा, हे निदान त्यांना ठाऊक होते.

१९७१मध्ये ‘स्टारडस्ट’ निघाले आणि त्यातले सर्वांत चटकदार सदर ‘नीता’ नावाच्या काल्पनिक बाईच्या तोंडी घातले गेले. माझ्या मते नाव गळायला सुरुवात झाली ती इथे. तरीही संपादकपदी कोण बसले आहे, हे सगळ्यांना माहीत होते. सत्तरच्या दशकातच अमिताभ बच्चन आणि सिनेमासिके यांचे असे फाटले की त्यांनी मुलाखती बंद केल्या आणि मासिकांनी त्यांना छापणे बंद केले. त्याच वर्षांत ते देशातले सर्वांत मोठे नट झाले! तेव्हा गॉसिपवाल्यांनी फार ताठ्यात राहू नये. जम बसलेल्या नटाचे ते फारसे वाकडे करू शकत नाहीत. भरडली जातात ती नवी मुलेमुली, आणि आजारी माणसांचे घरचे लोक.

विक्रम गोखले आपल्या पुण्यातच रुग्णालयात होते. २३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली. श्रद्धांजल्या वाहून झाल्या, जुने फोटो फिरले, आणि घरच्यांना जगापुढे येऊन सांगावे लागले की ते अजून आहेत. ते गेले २६ तारखेला. माणूस अतिदक्षता विभागात असताना तो जिवंत असल्याचा खुलासा त्याच्या घरच्यांनी करायचा! नोव्हेंबर २०२५मध्ये हेच धर्मेंद्र यांच्याबाबत झाले. हेमामालिनींनी संताप जाहीर केला, पण करणार काय? अंगावर धावून जावे तर समोर कोणी नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचे बघून छापलेले.

आजची रीत साधी आहे. जोडप्याने एकत्र फोटो टाकला नाही की ‘दुरावा आला?’ असे प्रश्नचिन्ह लावून बातमी येते. ती व्यक्ती चिडून काही बोलली की ‘अखेर सोडले मौन’ ही दुसरी. नाही बोलली तर ‘मौनामुळे चर्चांना उधाण’ ही तिसरी. मूळ बातमी होतीच कुठे, हे कोणी विचारत नाही. कलाकारही आता धुतल्या तांदळाचे राहिलेले नाहीत. विमानतळावर ‘अचानक’ टिपले गेलेले फोटो अनेकदा त्यांच्याच पीआर मंडळींच्या फोनवरून ठरलेले असतात, आणि सिनेमा लागायच्या आठवड्यात प्रेमप्रकरणे नेमकी कशी उगवतात हे शेंबड्या पोरालाही कळते. त्यांची कीव मला येत नाही. पण ज्याने असला सौदा केलेलाच नाही, त्यालाही त्याच तागडीत तोलले जाते.

दाद कुठे मागायची? प्रेस कौन्सिल १९७८च्या कायद्याने वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. यूट्यूब चॅनेल तर तिच्या कक्षेतच नाहीत. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये माध्यमांचे कान उपटले होते, पण तोवर महिनोन्‌महिने पडद्यावर खटला चालवून झाला होता.

म्हणून कायद्याची वाट न पाहता, आपल्या हातात आहे तेवढे तरी करावे. पुरवणीतल्या अशा प्रत्येक मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव छापा. बातमी खोटी ठरली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी आणि तेवढ्याच टाइपात येऊ द्या. आतल्या पानाच्या तळाशी, टेंडर नोटिशींच्या शेजारी नको. आणि आजारपणाची बातमी असेल तर घरच्यांचे किंवा रुग्णालयाचे म्हणणे आल्याशिवाय छापू नका. एक दिवस उशिरा छापलीत तरी आमच्या घरी अंक बंद होणार नाही.

माझे नाव, पत्ता आणि फोन नंबर आपल्या नियमाप्रमाणे सोबतच्या कागदावर आहे. खात्री करायची असेल तर फोन जरूर करावा. फक्त दुपारी एक ते चार सोडून.

आपली नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे