बाबांच्या पँटची माया

चिपळूण,
रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, शिमग्याला घरी आले होते तेव्हा तू रात्री बसून माझ्या निळ्या कुर्त्याची बाजूची शिवण उसवलीस, आत राखलेल्या जास्तीच्या कापडाची माया सोडलीस आणि परत टीप मारलीस. सकाळी कुर्ता घडी घालून उशाशी ठेवलेला होता. तेव्हा तू काहीच बोलली नाहीस. बोललीस ती परवा फोनवर: "तुझ्या बाबांनी आणि तू, दोघांनी बसून बसून अंगं वाढवलीयत." मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल रागावले. आई, 'बसून' हा शब्द खराच आहे, पण तू तो 'आळशीपणाने' अशा अर्थी वापरलास आणि बाबा तिथेच ओटीवर बसून ऐकत होते. ते मला सोसलं नाही. फोनवर मला हे सलग सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

बाबांच्या पँटी तूच उसवायचीस, तुला आठवत असेल. हंगाम सुरू झाला की बाबांची रोज रात्रीची फेरी, पावसहून वाशी मार्केट. आंब्याच्या पेट्या भरून संध्याकाळी निघायचं, कशेडीचा घाट मध्यरात्री, पहाटे मार्केट, की लगेच परतीची वाट. मे संपला की खाकी पँट तुझ्या मशीनवर यायची. दोन वर्षांत माया संपली. मग तू मागच्या बाजूला कंबरपट्टीखाली दुसऱ्या कापडाची पाचर घालायला लागलीस. खाकी जुळायची नाही, म्हणून बाबा शर्ट बाहेर सोडायचे. वाडीत सगळे म्हणायचे, ड्रायव्हर सुखावला, गाडी मानवली. मीही हसायचे, आणि त्याचं आज मला फार वाईट वाटतं.

बाबा, तुमच्याबरोबरचा क्लीनर आठवतो का? त्याच गाडीत, त्याच धाब्यावर, तुमच्यासारखाच रात्री एक वाजता आम्लेट-पाव खाणारा. तो शेवटपर्यंत काडीसारखा राहिला. पेट्या चढवायच्या, ताडपत्रीला दोर आवळायचे, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाला दगड लावायचा, गाडी मागे घेताना ओरडत मागे धावायचं. तुमचे मात्र हात स्टिअरिंगवर आणि पाय पॅडलवर. दहा-दहा तास तुम्ही जागचे हलत नव्हता.

हेच लंडनमध्ये कुणीतरी मोजून ठेवलंय हे कळलं तेव्हा मी खुर्चीतच सरळ झाले. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली तिथल्या बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना छापली. गाडी एकच, पाळी एकच, पगारातही फार फरक नाही. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दुमजली बसचे जिने रोज पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त निघाला. पुढे १९५६ मध्ये त्यांनी दोघांच्या गणवेशाची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर मोठी. आई, तुझ्या मशीनवर जे दिसत होतं तेच! एक गोष्ट मात्र झाकून ठेवत नाही. तरुण ड्रायव्हरांचीही कंबर मोठीच भरली होती, म्हणजे काही माणसं मुळातच अंगाने भरलेली त्या कामाला आली असतील. पण बाबांचा लग्नातला फोटो देव्हाऱ्यावर टांगलेला आहे. त्यात बाबा आणि तो क्लीनर भाऊ-भाऊ दिसतील.

नुसत्या बसण्याचंही नाही हे. झोपेचं आहे. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुण मुलांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक लावणारं संप्रेरक, घ्रेलिन, २८ टक्क्यांनी वाढलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. मुलांना गोड, खारट, पिठूळ खावंसं वाटायला लागलं. प्रयोग लहान आहे, बाराच जणांचा, पण वाचताना मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. बाबा फेरीवरून यायचे, दोन ताटं भात जेवायचे, वर गुळाचा खडा मागायचे आणि उकाड्यात जेमतेम तीन तास पडून परत गाडीवर. तू म्हणायचीस, "हावरटासारखे जेवताय." आई, ते जागरण जेवत होतं.

आता माझं. साडेआठला ऑफिसात बसते, रात्री आठला उठते. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आत्ताआत्तापर्यंत ६९ तास. मार्चमध्ये रविवारही गेले. डबा दोनला उघडते तेव्हा भाकरी कडक झालेली असते, म्हणून शेजारच्या टपरीवरून वडापाव येतो. ड्रॉवरमध्ये शेवेचा पुडा आहे. चहा पाच वेळा, कपाला दोन चमचे साखर. एक चमचा धरला पाच ग्रॅमचा, तर दिवसाची पन्नास ग्रॅम साखर आणि दोनशे कॅलरी नुसत्या चहातून. खोलीवर येऊन जेवायला दहा वाजतात. भूक लागते म्हणून मी चहा घेत नाही, आई. डोळे उघडे राहावेत म्हणून घेते.

तू म्हणशील, मी तुमच्या दोघांपेक्षा जास्त तास राबले, माझं कुठे काय वाढलं? अगदी बरोबर. पहाटे पाचपासून तू विहीर, गोठा, काजूच्या बिया, कलमांना पाणी, वरून शिवणकाम. नुसत्या तासांनी वजन वाढत नाही. तास वाढले की झोप जाते, जेवायची वेळ जाते, चालणं जातं आणि बैठं काम असेल तर ते सगळं कंबरेवर येऊन बसतं. तुझ्या अंगावर ते आलं नाही, तुझ्या गुडघ्यांत आणि पाठीत आलं. तू बारीक आहेस म्हणून धडधाकट आहेस असं आपण तिघंही इतकी वर्षं धरून चाललो. ह्या वेळी आले की तुझं रक्त तपासून घेणार आहे, नाही म्हणू नकोस.

आणि जाड-बारीक सोडून दे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. ते वाचलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले. मार्च संपू दे म्हणाले. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी परत गेले. आता मंगळवार आणि शुक्रवार साडेसहाला निघते आणि स्टँडपर्यंत चालत येते. रविवारी जात नाही. एवढंच पदरात पडलंय, पण सोडणार नाही.

बाबा, शुगर निघाल्यापासून तुम्ही भात पूर्ण बंद केलाय आणि शिक्षा झाल्यासारखे जेवता, असं आई सांगते. तसं करू नका. गोळी चालू असताना उपाशी राहणं धोक्याचं आहे. किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि रात्री जेवल्यावर सड्यापर्यंत दोघं चालत जाऊन या. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे आंबे वेळेवर पोचवलेत. तुमचं पोट ऐषारामाचं नव्हतं. आईनेही हे एकदा तुमच्यासमोर म्हणावं अशी माझी इच्छा आहे.

आई, तुझ्या टेपने बाबांची कंबर मोज, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८०, म्हणजे साडेएकतीस, ही हद्द मानतात. माझी चौतीस भरली. बाबांची किती ते कळव. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिघांची मापं कॅलेंडरवर लिहीत जाऊ.

पाचर लावलेली ती खाकी पँट अजून ट्रंकेत आहे ना? तिची पुसणी करू नकोस. मी मे महिन्यात येईन तेव्हा घेऊन जाणार आहे.

तुमची,
बाय