ब्रेक ऑइल जाते कुठे?

मा. संपादक,

रावेर-यावलकडच्या जुन्या पिकअपमध्ये ब्रेक ऑइल कमी झाले की वरून ओतायचे आणि केळी भरून निघायचे, असे सर्रास चालते. लायनर-पॅड झिजताना टाकीतली पातळी थोडी उतरते हे खरे, पण ती महिनोन्‌महिने, हळूहळू. आठवड्यात उतरली तर गळती आहेच.

आधी मागची चाके पाहावीत. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर तिचा थेंब पाण्यात टाकावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते. एक्सलच्या सीलमधून आलेले गिअर ऑइल तरंगते. मग ड्रम उतरवून व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट, म्हणजे टोकांवरची टोपणे, उचलावेत. आत ओले असेल तर कप, म्हणजे आतली रबरी सीले, गेले. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडले असतील तर नुसते किट (नव्या रबरी भागांचा संच) टिकत नाही, सिलिंडरच नवा घालावा. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन बसवण्याची काटकसर नको. दोन्ही बाजूंचे बदलावेत. रबरी भागांना पेट्रोल-डिझेल लावू नये, ते फुगतात.

चाके कोरडी असतील तर एक्सलवरची लोखंडी नळी पाहावी. ती क्लिपखाली, चिखल साचतो तिथे गंजते.

कुठेच ओल नाही आणि ऑइल तरी कमी होते, इथे भलेभले फसतात. मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) दोन नट काढून तो बूस्टरपासून (पेडलचा जोर वाढवणारा डबा) जरा पुढे ओढावा. मागचे तोंड ओले असेल तर सील गेले आणि ऑइल बूस्टरमध्ये जात आहे. काही गाड्यांत क्लचलाही त्याच टाकीतून ऑइल जाते; तिथे क्लचचे दोन्ही सिलिंडर तपासावेत. पातळी कायम, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तर बहुधा मास्टरची आतली सीले गेलेली असतात.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचे, सीलबंद बाटलीतलेच घ्यावे. ताजे डॉट ३ ग्रेडचे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतले पाणी शोषले की ती मर्यादा १४० पर्यंत येते. कन्नड घाट भरल्या गाडीने उतरताना हा फरक जिवावर बेततो.

दुरुस्तीत नळ्यांत शिरलेली हवा सहसा मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढतात. नंतर इंजिन चालू ठेवून एकाने पेडल मिनिटभर जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. कागद ओला झाला तर गाडी भरू नये.

— पिकअप दुरुस्ती करणारे कारागीर, सावदा (ता. रावेर)